शिंग कापलेलं काळवीट

राजूरला बाहेरचा माणूस येतो तो गणपतीसाठी. अंगारकीच्या आदल्या रात्रीपासूनच जालन्याकडून पायी येणाऱ्यांची रांग लागते. मोरगाव, पद्मालय आणि चिंचवडबरोबर साडेतीन पीठांत मोजल्या जाणाऱ्या राजुरेश्वराच्या पायथ्याशी मग पाय ठेवायला जागा उरत नाही. वन्यजीवांचे फोटो काढायला मात्र कुणी मुद्दाम राजूर गाठत नाही. इथे अभयारण्य नाही, सफारीची जिप्सी नाही, ‘साहेब, आज दाखवतोच’ म्हणणारा गाइड नाही. आहे ते कपाशी, सोयाबीन, मका आणि तुरीचं रान, मध्येच कुठे गायरानाचा तुकडा, आणि त्यातच बस्तान बसवून राहिलेली जनावरं: काळवीट, रोही, खोकड, कोल्हा, क्वचित लांडगा. थंडीत पिकांच्या शेंड्यांवरून तरंगत जाणारे भोवत्या पक्षी येतात, ज्वारी भरायला लागली की भोरड्यांचे थवे उतरतात.

मराठवाड्यात आता गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारी पोरं गावोगाव दिसतात. कुणी शिक्षक आहे, कुणाचं मेडिकल आहे, कुणी लग्नाच्या ऑर्डरी करतो आणि सीझन संपला की तीच लेन्स माळावर नेतो. या सगळ्यांची रविवार संध्याकाळची अडचण एकच असते. सकाळी काढलेले हजारभर फोटो लॅपटॉपवर उतरवलेत, त्यातले बहुतेक हललेले, आउट झालेले, कुठे पंख कापलेला, कुठे शेपूट बाहेर. ठेवायचं काय आणि उडवायचं काय?

एक उदाहरण समोर ठेवू. काळवीट बांध ओलांडतंय. पुढचे पाय पोटाशी घेतलेले, मागचे ताणलेले, खुरांखालून उसळलेली ढेकळं हवेत, मान किंचित मागे. वेळ अचूक साधली आहे. पण डाव्या शिंगाचं टोक फ्रेमच्या बाहेर गेलंय, आणि कॅमेऱ्याने फोकस डोळ्यावर न धरता मागच्या तुरीच्या ओळीवर धरलाय. तुरीची पानं मोजता येतील इतकी स्वच्छ, काळवीट मात्र धुरकट. कुठल्याही शिबिरात याचं उत्तर तयार असतं: डोळा शार्प नाही, डिलीट कर.

हा नियम स्पर्धेसाठी चांगला आहे. भिंतीवर लावायच्या फोटोसाठीही चांगला. पण जालना जिल्ह्यासारख्या, वन्यजीवांच्या नकाशावर जवळजवळ कोऱ्या असलेल्या मुलखात तो आंधळेपणाने पाळला तर मोठं नुकसान करतो, आणि याच मुलखातले छायाचित्रकार तो सर्वांत कडकपणे पाळताना दिसतात. ताडोबातल्या वाघाचा फोटो हलला तर काही बिघडत नाही. त्याच वाघाचे त्याच सकाळी आणखी वीस जणांनी काढलेले फोटो असतात. राजूरच्या शिवारातल्या लांडग्याचा फोटो हलला आणि तो पुसून टाकला, तर त्या दिवशी तिथे लांडगा होता याचा कागदावरचा पुरावाच संपतो.

आपल्या देशाने वाघ मोजले ते कसल्या फोटोंवरून, हे एकदा पाहण्यासारखं आहे. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो काढले. त्यांत वाघाचे होते ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. बाकी सगळं इतर जनावरं, माणसं, गुरं आणि वाऱ्याने हललेलं गवत. वाघाचे जे होते त्यांतही डोळ्यात चमक, मागून ऊन, असला थाट कुठला असणार? अर्धी कूस, पुढे निघून गेलेलं धड, फ्लॅशने पांढरं पडलेलं तोंड. पण कुशीवरचे पट्टे वाचता येत होते, आणि पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे. एवढ्या भांडवलावर २,४६१ वाघ एकेक करून ओळखले गेले आणि देशातल्या वाघांचा २,९६७ हा अंदाज उभा राहिला. त्या कोट्यवधी फोटोंपैकी किती जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत टिकले असते, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

आपल्या शेजारचीच गोष्ट घ्या. मार्च २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यातल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला नर. गौताळ्यात १९४० नंतर पहिल्यांदाच वाघाची नोंद झाली, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याची ओळख पटली तीही पट्ट्यांवरून, टिपेश्वरच्या जुन्या फोटोंशी ताडून. हा प्रवास मेहनतीने घेतलेल्या एखाद्या देखण्या फोटोने सिद्ध केलेला नाही. एका ठिकाणी कुणीतरी जपून ठेवलेला साधा फोटो आणि दुसऱ्या ठिकाणी आपोआप निघालेला साधा फोटो एकमेकांशेजारी ठेवता आले, म्हणून तो कळला. पहिला पुसला गेला असता तर दुसऱ्याचा अर्थ निम्माच लागला असता.

आणि जुलै २०२४ मधलं छत्रपती संभाजीनगर. उल्कानगरीत पहाटे बिबट्या फिरला, मग प्रोझोन मॉलच्या परिसरात दिसला, आणि शहराची झोप उडाली. पुरावा काय होता? सीसीटीव्हीतल्या दाणेदार, करड्या काही सेकंदांच्या चित्रफिती. त्यात एकही केस शार्प नव्हता. पण लांब शेपूट, जमिनीलगतची चाल आणि कोपऱ्यात छापलेली वेळ यांवर वनखात्याने पिंजरे लावले, गस्त सुरू केली. छायाचित्रकाराच्या निकषावर ती चित्रफीत शून्य गुणांची. कामाच्या निकषावर त्या आठवड्यात शहरात तिच्याइतकं मोलाचं चित्र दुसरं नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं नोंदीचं झालं, कलेचं काय? रास्त प्रश्न आहे. पण हलत्या जनावराच्या बाबतीत नोंद आणि कला यांच्यातली भिंत वाटते तितकी जाड नाही. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोडीचे ओळीने फोटो घेतले. आजच्या डोळ्यांना ते फोटो म्हणजे पांढऱ्या पडद्यावरच्या काळ्या सावल्या. ना तोंड दिसतं, ना केस. पण धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात आणि त्या वेळी ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हे त्या सावल्यांनी दाखवलं. त्याआधी जेरिकोसारखा मोठा चित्रकारही १८२१ च्या आपल्या शर्यतीच्या चित्रात घोड्यांचे पाय पुढे-मागे ताणून हवेत तरंगवत होता. चित्र अप्रतिम, घोडा चुकीचा.

पक्ष्यांच्या बाबतीत तर हललेला फोटो कधी कधी स्वच्छ फोटोवर मात करतो. भोवत्या पक्ष्यांच्या माद्या आणि पिल्लं ओळखताना भलेभले गडबडतात. तपकिरी अंग, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, सगळ्या सारख्याच. बांधावर बसलेल्या भोवत्याचा सुरेख, डोळ्यात बिंदू चमकणारा फोटो मिळाला, तरी जात कुठली यावर वाद होऊ शकतो. कारण खुणा मिटलेल्या पंखात लपलेल्या असतात. तोच पक्षी हरभऱ्यावरून वळण घेताना अर्धवट फोकसमध्ये टिपला, आणि पंखाच्या टोकाची सुटी झालेली ‘बोटं’ मोजता आली, तर चार की पाच यावरून एक अख्खी जात यादीतून बाद करता येते. पंखाखालच्या पट्ट्यांची ठेवण दिसली, मानेभोवतीची फिकट पट्टी दिसली, तर आणखी पुढे जाता येतं. डोळा धूसर असला म्हणून त्या फोटोतली बोटं कमी होत नाहीत.

तसंच खाण्याचं. कापशी घार विजेच्या तारेवर बसलेली असते तेव्हा तिचा फोटो कुणीही काढतो. ती झेप घेऊन उठताना पायांत उंदीर आहे, सरडा आहे की टोळ, हे दाखवणारा फोटो मात्र बहुतेक वेळा हललेलाच मिळतो, कारण तो क्षण तसाच असतो. कापूस आणि मक्याच्या पट्ट्यात शिकारी पक्षी नेमकं काय खातात हे शेतकऱ्यालाही कळायला हवं. ते पक्ष्याच्या रुबाबदार पोर्ट्रेटमधून कधीच कळणार नाही.

राजूरच्या रानात फोटो बिघडण्याचं एक खास कारण आहे, आणि त्याचा दोष छायाचित्रकाराला उगीच लावला जातो. नांगरलेली काळी जमीन सकाळी दहाच्या पुढे तापायला लागते. तिच्यावरची हवा थरथरते. दोनशे-तीनशे मीटरवरच्या काळविटावर लांब लेन्स रोखली की मधली ती तापलेली हवा भिंगासारखी वेडीवाकडी वागते. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेलं तरी कडा वितळल्यासारख्या येतात. लेन्स महागाची घेतली तर थरथर जास्त मोठी दिसते, एवढाच फरक. उपाय दोनच: उजाडताना जाणं किंवा जवळ असणं. पण जनावर छायाचित्रकाराच्या सोयीने बाहेर पडत नाही. एप्रिलच्या भर दुपारी पाण्याच्या शोधात निघालेला कळप टिपायचा तर तो पाण्यातून पाहिल्यासारखाच येणार. उन्हाळ्यात कळप कुठल्या वेळी कुठल्या पाणवठ्याकडे सरकतो, ही माहिती त्या बिघडलेल्या फोटोत शाबूत असते.

आता दुसरी बाजू, कारण धूसर फोटोची भलामण करता करता माणूस भलतीकडेच पोचू शकतो.

रानपिंगळा हे महाराष्ट्राचं या विषयातलं सर्वांत मोठं उदाहरण. १८८४ मध्ये खानदेशात या घुबडाचा शेवटचा खात्रीशीर नमुना मिळाला. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं काही नाही. कर्नल माइनर्त्झहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचं सांगून जो नमुना दाखवला, तो चोरलेला आणि चिठ्ठी बदललेला निघाला. मधल्या काळात रानपिंगळ्याचे म्हणून पुढे आलेले फोटोही साध्या पिंगळ्याचे ठरले. अखेर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी नंदुरबार भागात शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. त्यांनी तिथल्या तिथे त्याचं चित्रण केलं. पुढे मेळघाटात, आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो सापडला. म्हणजे फोटोनेच गोंधळ वाढवला आणि फोटोनेच मिटवला. फरक सौंदर्याचा नव्हता. डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत, छातीवरचा तपकिरी पट्टा सलग आहे की तुटक, हे दिसतं की नाही, एवढाच फरक होता.

अमेरिकेत याच्या उलट घडलं. हस्तिदंती चोचीचा मोठा सुतार पक्षी नामशेष झाला असं मानलं जात असताना २००४ मध्ये अर्कान्सासच्या दलदलीत एका होडीतून चार सेकंदांचं चित्रण झालं. एक काळा-पांढरा पक्षी झाडामागून उडून दूर जातो. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये लेख आला, देशभर जल्लोष झाला. वर्षभरात दुसऱ्या तज्ज्ञांनी तीच चित्रफीत चौकट-चौकट तपासून सांगितलं की हा नेहमीचा, दुसऱ्या जातीचा सुतार असू शकतो. वाद अजून मिटलेला नाही. त्या चार सेकंदांवर जेवढं ओझं लादलं गेलं, तेवढं पेलण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. तरीही ती चित्रफीत पुसायला हवी होती असं दोन्ही बाजूंचा एकही माणूस म्हणणार नाही. ती शिल्लक आहे म्हणूनच तिच्यावर भांडता येतं.

तेव्हा ठेवायचं की नाही हे ठरवताना ‘सुंदर आहे का’ हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. हा फोटो काही सांगतो का? कोण आहे, काय करतंय, कुठे, कधी. चारपैकी तीनांची उत्तरं मिळत असतील तर शिंग कापलेलं असो की डोळा आउट, फोटो राहिला पाहिजे. बांधावरून उडी घेणारं काळवीट या कसोटीवर सहज उतरतं. त्यात नर आहे हे दिसतं, त्याचा रंग किती गडद झालाय हे दिसतं, पीक कोणतं आणि किती वाढलंय तेही दिसतं. तुरीवर गेलेल्या फोकसने निदान तेवढं काम केलंय. उलट, कोण आहे तेच कळत नाही असा पाठमोरा ठिपका, आभाळात विरघळलेली कुठलीशी घार, झुडपामागचा तपकिरी डाग, हे खुशाल उडवावेत. त्यांना भावनेपोटी सांभाळण्यात अर्थ नाही. ‘मला आठवतं ना, तो लांडगाच होता’ ही आठवण छायाचित्रकाराची असते, फोटोची नव्हे.

जागेची तक्रार खरी आहे, पण ती फुगवून सांगितली जाते. आजचा मध्यम किमतीचा कॅमेरा सेकंदाला दहा ते वीस फोटो काढतो आणि एकेक रॉ फाइल २५ ते ५० एमबीची असते. हजार फोटो ठेवले तर सरासरी ३० एमबी धरून ३० जीबी. पण एका उडीचे वीसच्या वीस फोटो ठेवा असं कोण म्हणतंय? उडी घेण्याआधीचा, मधला आणि उतरल्यानंतरचा असे दोन-तीन पुरतात. स्पर्धेचा नसेल त्याची जेपीजी प्रतही चालते. छत्तीस फोटोंचा रोल होता तेव्हा माणूस बटण दाबण्याआधी विचार करायचा. आता विचार बटण दाबल्यानंतर करावा लागतो, आणि तोच टाळण्यासाठी बरेच जण रानातच, कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर बघून, भराभर डिलीट मारतात. ही सवय मात्र वाईट. उन्हात त्या पडद्यावर शार्प काय आणि आउट काय हेही धड कळत नाही. पंखाची बोटं कुठून मोजणार?

खरा कचरा वेगळाच आहे. डीएससी आणि पुढे चार आकडे असं नाव असलेल्या, कुठे काढला याचा पत्ता नसलेल्या हजारो फाइली. कॅमेऱ्यातली तारीखही कित्येकदा चुकीची असते, बॅटरी काढली तेव्हा बदललेली आणि पुन्हा न लावलेली. अशा संग्रहातला उत्तम फोटोही मुका असतो. त्यापेक्षा ‘राजूर–भोकरदन रस्ता, गायरानाजवळ, सकाळी पावणेआठ, चार माद्या, एक नर, कुत्री मागे लागली होती’ एवढं लिहिलेला धूसर फोटो कितीतरी बोलका. लिहायला मिनिट लागतं. पण हेच काम बहुतेकांना जड जातं. लेन्सवर लाखभर घालणारा माणूस दोन ओळी लिहायला कुरकुरतो.

अशा फोटोंना आता जागाही आहे. ई-बर्डवर पक्ष्याचा फोटो चढवला की लोक त्याला एक ते पाच तारे देतात. एक तारा मिळालेला फोटोही संग्रहात राहतो, आणि दुर्मीळ पक्षी असेल तर नोंद तपासणारा माणूस आधी तोच उघडून बघतो. आय-नॅचरलिस्टवर तारीख, ठिकाण आणि ओळखण्याजोगा पुरावा मागतात; सौंदर्याचा रकाना तिथे नाही. पुणे जिल्ह्यातल्या माळांवर लांडग्यांच्या कळपात वेगळ्याच फिकट रंगाची जनावरं दिसली, त्यावरून शंका आली, आणि २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं प्रसिद्ध झालं. जालन्यातल्या लांडग्यांचं काय चाललंय? गावकुत्री इथेही आहेत, मेंढपाळांचे वाडे इथेही पडतात. शंका यायची तर आधी फोटो लागतील, आणि ते बहुधा मोबाइलवर, संध्याकाळच्या उजेडात, पळत्या जनावराचे असतील. रंग आणि शेपटीचा बाक दिसला तरी पुष्कळ.

परिपूर्ण फोटोच्या हट्टापायी काय होतं याचे दाखलेही कमी नाहीत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत २००९ चं पहिलं पारितोषिक एका स्पॅनिश छायाचित्रकाराच्या लांडग्याला मिळालं. रात्रीच्या अंधारात फाटकावरून झेपावणारा लांडगा, सगळं जिथल्या तिथे. जानेवारी २०१० मध्ये ते परत घेतलं गेलं, कारण लांडगा बहुधा पाळलेला, शिकवलेला आहे असं परीक्षकांचं मत झालं. छायाचित्रकाराने ते नाकारलं. २०१८ मध्ये त्याच स्पर्धेत ब्राझीलमधल्या मुंगीखाऊचा पारितोषिक मिळालेला फोटो बाद झाला. तज्ज्ञांना तो पेंढा भरलेला वाटला. इथेही छायाचित्रकाराने आरोप फेटाळला. उलट मुंबईच्या नयन खानोलकरांनी आरे वसाहतीच्या गल्लीतला बिबट्या महिनोन्‌महिने कॅमेरा लावून टिपला आणि २०१६ मध्ये याच स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक घेतलं. एक फोटो मिळेपर्यंत न मिळालेल्या किती रात्री जातात, हे असं काम केलेल्यालाच ठाऊक.

आपल्याकडे हा हट्ट वेगळ्या रूपात दिसतो. काळवीट धावत नसेल तर त्याला धावायला लावायचं. मोटारसायकल माळावर घालायची, एकाने पळवायचं, दुसऱ्याने टिपायचं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधली शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. वन्यप्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं हेही त्या व्याख्येत बसतं, आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. उन्हाळ्यात, पोटात पिल्लू असलेल्या मादीला अशी धाव जिवावर बेतू शकते. असा फोटो कितीही शार्प आला तरी तो ठेवण्यालायक नाही. ठेवलाच तर वनखात्याने जप्त करण्यासाठी ठेवावा. आउट झालेल्या, पण लांबून, जनावराला कळू न देता काढलेल्या फोटोकडे निदान मान ताठ ठेवून बघता येतं.

यात नवी भर पडली ती फोटो ‘सुधारणाऱ्या’ सॉफ्टवेअरची. एका बटणावर हललेलं काळवीट शार्प. पण हरवलेला तपशील परत कुठून येणार? नव्या धाटणीची बरीच एआय साधनं तो अंदाजाने रंगवतात. पापणीचे केस, पिसावरचे पट्टे, सगळं नवीन. इन्स्टाग्रामवर ते खपून जातं. पण भोवत्याच्या पंखावर मशीनने स्वतःच्या मनाने पट्टे काढले तर तो फोटो पुरावा म्हणून मेलाच, आणि चित्र म्हणून तर तो छायाचित्रकाराचा राहिलेलाच नाही. स्पर्धांमध्ये शेवटच्या फेरीत मूळ रॉ फाइल मागतात ती याचसाठी. मूळ, न सुधारलेला, धूसर फोटो शाबूत ठेवणं आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालंय. बिबट्याचे एआयने बनवलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गावाचं नाव लावून फिरतात, शाळा सोडून द्याव्या लागतील अशी घबराट होते आणि वनरक्षकाला खुलासे देत फिरावं लागतं. अशा वेळी संशयास्पद फोटो बहुधा सुबक असतो, आणि खरा फोटो हलका, तिरका, अंधारातला.

जालना आणि भोकरदनच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांनी दर उन्हाळ्यात या कॅमेरावाल्या पोरांकडून असे ‘वाया गेलेले’ फोटो मागवले तर फुकटात जिल्ह्याची नोंद उभी राहील. सोबत ठिकाण आणि वेळ हवी, एवढीच अट. विणीच्या जागा, लांडग्याची गुहा, घुबडाची ढोली यांचे नेमके पत्ते मात्र त्या विभागांनी आणि वनखात्याने आपल्यापाशीच ठेवावेत. रात्री पिकात शिरलेल्या रोह्यांचा शेतकऱ्याने बॅटरीच्या उजेडात काढलेला, चमकणाऱ्या डोळ्यांचा फोटोही त्यात यावा. पीकनुकसानीच्या पंचनाम्यासाठी खुरांचे ठसे आणि लेंड्या बघितल्या जातात हे खरं, पण कळप साधारण किती मोठा होता हे त्या डोळ्यांच्या जोड्या मोजूनही कळतं.

वर्तमानपत्रांनीही थोडं बदलावं. एखाद्या शिवारात बिबट्या दिसल्याची बातमी आली की तिच्याशेजारी कुठल्या तरी जंगलातला, फांदीवर ऐटीत बसलेला, गुबगुबीत बिबट्या छापला जातो आणि खाली बारीक टाइपात ‘संग्रहित छायाचित्र’. वाचक तेवढं वाचत नाही. तो समजतो, हाच आपल्या रानात आलाय. खरा फोटो बहुतेक वेळा त्याच गावातल्या कुणाच्या मोबाइलवर असतो. तो उसातून अर्धा बाहेर आलेल्या जनावराचा असतो, आणि ते तरस असण्याची, कधी नुसतं मोठं कुत्रं असण्याचीही शक्यता असते. उपसंपादकाने तो मागवावा, वनपालाला दाखवून खात्री करावी, वार आणि वेळ घालून आहे तसा छापावा, आणि जनावराची ओळख पटली नसेल तर तसंही लिहावं.